रॅपकडून शूगेझकडे वळताना

शूगेझकडे, म्हणजे गिटारींच्या दाट, धूसर आवाजात गळा मिसळून टाकणाऱ्या रॉककडे, वळायचे म्हणून सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र) विकून गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडल्सची रांग विकत घेण्याची घाई करू नका. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या १९९१ सालच्या ‘लव्हलेस’ अल्बममधले बहुतेक ड्रम, ड्रमवादक आजारी असल्यामुळे, त्याच्याच वादनाचे नमुने जोडून तयार केलेले आहेत, तेव्हा लूप रचण्यात बसलेला तुमचा हात इथेही उपयोगी पडेल.

खरी अडचण गळ्याची आहे. रॅपमध्ये प्रत्येक शब्द पुढे ठेवण्याची सवय लागलेली असते, तर इथे गळा गिटारींच्या बरोबरीचे एक वाद्य असतो, आणि नुसता रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) वाढवून ते साधत नाही. गाणे हलक्या, श्वासभरल्या आवाजात म्हणावे लागते आणि मिक्समध्ये त्याची पातळी मनाला पटणार नाही इतकी खाली आणावी लागते.

गिटारचा एकच टेक कॉपी करून डावीउजवीकडे लावण्यापेक्षा तो दोनदा वाजवा. रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टच्या) आधी जोडून पाहा. विरत जाणारा नादही खरखरीत होऊन दाट होतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा गिटारवादक केविन शील्ड्ससारखे ट्रेमोलो आर्म (स्वर वरखाली करणारा गिटारचा दांडा) धरून स्ट्रम करणे शिकण्याजोगे आहे (नक्कल मात्र फार झाली आहे). गिटारींचे खालचे स्वर हाय-पास फिल्टरने (फक्त वरचे स्वर जाऊ देणाऱ्या) कापा, नाहीतर बास बुडतो. रॅपमधला खोल बास देणारे ८०८ ड्रम मशीन हाताळलेल्या तुमच्या कानांना हे लवकर कळेल.