बिल्डिंग नको बघू, दुसरीची वही बघ

पोरी,

तुझा मेसेज वाचला. जुळे सोलापुरातल्या आणि विजापूर रोडच्या चार शाळांची ब्रोशरं पाठवलीस आणि विचारलंस, बाई पोराला पहिलीला यातली कुठली घेऊ. अगं चारीत एकच आहे की, स्मार्ट क्लास, स्केटिंग, डान्स आणि हसणारी गोरीगोमटी पोरं, ती पण आपल्याकडची वाटत नाहीत. मी आयुष्यभर पहिली-दुसरीलाच शिकवलंय, तर मला त्यातलं जे कळतं तेवढंच सांगते.

आधी बोर्डाचं मिटवून टाकू. शाळेच्या पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेलं असलं की लगेच भुलू नकोस, संलग्नता आहे का ते विचार. खरी सीबीएसईची शाळा असेल तर तिला स्वतःच्या वेबसाइटवर मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर नावाचं पान ठेवावंच लागतं, त्यात संलग्नता नंबर, फी, शिक्षक किती, सगळं असतं. ते नसेल तर पॅटर्न पुस्तकांपुरता समजायचा. स्टेट बोर्ड वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण स्टेटच्या मान्यतेवर सीबीएसईची फी कशाला द्यायची? आणि आत्ता जिथं केजी चालू आहे तिथले म्हणतायत ना, पहिलीची मान्यता येतेच आहे, तर ती हातात आल्याशिवाय पैसे भरू नकोस, मान्यता नसताना पहिलीचा वर्ग चालवायला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे. सरळ यूडायस नंबर माग, म्हणजे शाळेचा सरकारी नंबर, ११ आकडी असतो.

आता मुद्द्याचं. पहिली-दुसरीची बाई त्या शाळेत किती वर्षं टिकते ते काढ. ऑफिसात विचारून उपयोग नाही, तिथं सगळेच एक्सपिरियन्स्ड स्टाफ म्हणणार. शाळा सुटायच्या वेळेला गेटवर जाऊन उभी रहा, व्हॅनवाले मामा आणि दुसरी-तिसरीच्या आया यांना सगळं माहीत असतं. दिवाळीच्या आधी एक बाई आणि नंतर दुसरी, असं दोन-तीन जणींनी सांगितलं तर ती शाळा सोड, मग बिल्डिंगला लिफ्ट असू दे नाहीतर काय असू दे. पगार परवडत नाही म्हणून बाया सोडून जातात आणि पोरगं वाचायला लागायच्या ऐन वेळेला त्याला ओळखणारं वर्गात कुणी राहत नाही.

आणि शेजारपाजारच्या कुणाचं पोरगं त्या शाळेत दुसरीला असेल तर त्याची वही मागून घे, जमलं तर एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या. 'माय मदर' दोन्ही वह्यांत शब्दाला शब्द सेम असेल, सगळ्यांची आई काइंड आणि स्वयंपाकात एक्सपर्ट, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. स्पेलिंग चुकलंय पण वाक्य पोराचं स्वतःचं आहे, 'माय मदर स्टिच शर्ट' असलं काहीतरी, आणि बाईनं ते वाक्य तसंच ठेवून खाली नीट लिहून दाखवलंय, तर ती शाळा मला आवडेल. उतरवलेल्यातही चुका आणि त्यावर लाल बरोबरची खूण, हे पण बघितलंय मी, म्हणजे वही कुणी वाचलेलीच नाही.

तुमच्या घरी आजी तेलुगू बोलते, तू मराठी, आणि एका शाळेनं सांगितलं घरी इंग्लिशच बोला. ते बिलकुल ऐकू नकोस. आजीची गोष्ट ऐकणारं पोरगं वाचायला लवकर लागतं, हे मी वर्गात बघत आले. मराठी तर २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी सगळ्याच बोर्डांना सक्तीची आहे, फक्त ती कोण शिकवतं ते विचार, बऱ्याच ठिकाणी ज्याचा तास रिकामा त्याच्या गळ्यात मारतात.

वर्ग बघायला मार्च-एप्रिलमध्ये दुपारी जा. सकाळी सगळ्या शाळा छान वाटतात. लहान वर्ग वरच्या मजल्यावर पत्र्याखाली असतील तर आपल्या उन्हात काय होतं तुला सांगायला नको. संडास बघ, नळ सोडून बघ. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, तेव्हा टाकी केवढी आणि टँकर कोण मागवतं हे विचारायला लाजू नकोस.

पैशाचं म्हणशील तर फी एकटी बघू नकोस, पुस्तकं, व्हॅन, गॅदरिंग, युनिफॉर्म सगळं धरून वर्षाचा आकडा काढ. युनिफॉर्म एकाच दुकानातून घ्या म्हणत असतील तर हसूच येतं, अख्ख्या देशाचे शाळेचे ड्रेस आपल्या सोलापुरात शिवतात आणि आपल्यालाच दुप्पट भाव! पहिलीला डोनेशन घेणं किंवा पोराचा, आईबापाचा इंटरव्ह्यू घेणं आरटीईत बसत नाही. तरी मागतात, 'डेव्हलपमेंट' म्हणून. फी वाढवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवावी लागते, २०११ चा कायदा आहे, म्हणून त्या समितीत कोण पालक आहेत ते विचार आणि त्यातल्या एकाला फोन कर.

दोन शाळा सारख्याच वाटल्या तर जवळची घे. होटगी रोडला ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की त्यामधून सहा वर्षांचं पोरगं व्हॅनमध्ये कोंबून पाठवायचं, माझा तरी जीव होत नाही.

वह्या मिळाल्या की फोटो पाठव, दोन-तीन पानं पुरेत. आणि तोपर्यंत कुणी सीट संपत आल्या म्हणून घाई केली तरी टोकन भरू नकोस, भरलंसच तर पावती घेतल्याशिवाय उठू नकोस.

तुझ्या बाई