चांदीच्या नाण्याचा काळा काठ

प्रश्न : कॅनडातल्या मूलनिवासींच्या वस्तीचं जुनं चित्र रंगात छापलेलं ९९९९ शुद्धतेचं, म्हणजे ९९.९९ टक्के शुद्ध, चांदीचं नाणं काठाला काळवंडलंय. चिंचेने घासू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नको! चिंच, टूथपावडर, सराफाकडचं पॉलिश, कशानेही रंग उडेल, चांदीवर चरे पडतील आणि संग्राहक ते नाणं हातात धरणार नाहीत. काळेपणा हवेतल्या गंधकाचा. खाडीकाठच्या दमटपणात तो लवकर चढतो. आहे तो राहू द्या, वाढू देऊ नका. नाणं कडेनेच धरून ॲक्रिलिक कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्यांसाठीच्या कडक पारदर्शक प्लास्टिकच्या गोल डबीत ठेवा. कॅप्सूल व्यास मोजूनच घ्या. एका ट्रॉय औंसाची (सोन्याचांदीच्या वजनाचा औंस), म्हणजे ३१.१ ग्रॅमची नाणीही वेगवेगळ्या व्यासांची असतात. कॅप्सूल ठेवाल त्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. मऊ पीव्हीसी प्लास्टिकचं पाकीट नको, त्याने हिरवट चिकटा येतो. रबरबँडही नको, त्यातही गंधकच!