वाचकांचे प्रश्न : जुन्या मॉडेल वाघिणींचे कपलर आणि चाके

प्रश्न (भुसावळ) : 1:87 प्रमाणातल्या जुन्या अमेरिकन वाघिणी आहेत. कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) प्लास्टिकचे, शिंगाच्या आकाराचे आणि ट्रकलाच जोडलेले. ओढताना गाडी नीट चालते, मागे ढकलली की सांध्यावर (एका रुळावरून दुसऱ्यावर जाण्याच्या जागी) घसरते. काय बदलावे?

उत्तर : ट्रक म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा. रेल्वेत त्याला बोगी म्हणतात, पण आपल्याकडे बोगी म्हटले की अख्खा डबाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून इथे ट्रकच म्हणू. कपलर ट्रकला असला की ढकलण्याचा सगळा जोर ट्रकवर तिरका येतो. ट्रक वळतो आणि चाकाची कड सांध्याच्या टोकावर चढते. शिंगाचे कपलर एकमेकांना बाजूला रेटतात, ते वेगळेच. म्हणून कपलर वाघिणीच्या तळालाच बसवा. केडी (Kadee) या कंपनीचा 148 किंवा जुना 5 क्रमांकाचा कपलर चालेल. दिसायलाही तो भुसावळ यार्डातल्या बॉक्सएन वाघिणींच्या कपलरसारखाच मुठीचा आहे.

ट्रक काढून कपलरची दांडी कटरने मुळाशी कापा आणि उरलेला खुंट कानशीने सपाट करा. नवा कपलर ज्यात बसतो ती डबी तळाच्या टोकाशी मध्यरेषेवर धरा. ट्रक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक डबीला घासत नाही ना, हे पाहा आणि मगच खूण करा. 1.6 मिमी ड्रिलने भोक पाडून एम2 टॅप (2 मिमी स्क्रूसाठी आटे पाडणारे हत्यार) फिरवा. डबी त्याच मापाच्या स्क्रूने बसवा. डबी नुसत्या गोंदाने चिकटवू नका. गोंद आत झिरपला की कपलर हलेनासा होतो. वंगण घालायचेच तर ग्राफाइटची भुकटी, तेल नाही.

एक अपवाद. 30 सेंटिमीटरच्या आसपासचे लांब प्रवासी डबे 18 इंच त्रिज्येच्या वळणावर चालवत असाल, तर त्यांचे कपलर ट्रकवरच राहू द्या. तळाला बसवलेला कपलर तेवढा बाजूला सरकत नाही आणि शेजारच्या डब्याला ओढून पाडतो.

प्रश्न (अमळनेर) : उंची कशी जुळवायची? चाके आधी बदलावीत की नंतर?

उत्तर : चाके आधीच. चाकाचा व्यास बदलला की कपलरची उंचीही बदलते. मालवाघिणीला 33 इंची मापाची (हे खऱ्या वाघिणीच्या चाकाचे माप, मॉडेलमध्ये 1:87 ने लहान केलेले) धातूची चाके घ्या. आसाची लांबी जुन्या आसाशी ताडून पाहा: आस लांब पडला तर ट्रकच्या बाजू फाकतात आणि चाक अडते, आखूड पडला तर डुगडुगतो. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर साधारण 14.5 मिमी हवे.

आता कपलरची उंची तपासायचा केडीचा 205 क्रमांकाचा गेज रुळावर ठेवा. कपलर खाली असेल तर ट्रक आणि तळ यांच्यामध्ये 0.25 किंवा 0.38 मिमीचा फायबर वॉशर घाला. वर असेल तर डबी आणि तळ यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी. कपलरखालची वाकडी तार रुळाच्या माथ्यापासून सुमारे 0.8 मिमी वर राहिली पाहिजे, नाहीतर सांध्यात अडकते. शेवटी एका ट्रकचा स्क्रू ट्रक फक्त वळेल इतका आवळा आणि दुसरा थोडा सैल ठेवा, म्हणजे तो झुलेल. दोन्ही आवळले तर खडबडीत रुळावर एखादे चाक अधांतरी राहते.

प्रश्न (धरणगाव) : सगळे बदलूनही एक वाघीण घसरतेच.

उत्तर : तिचे वजन करा. 1 औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, हा हिशेब. 6 इंची वाघिणीला 4 औंस, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम. कमी पडले तर टायरच्या दुकानातल्या चिकट बॅलन्सिंग वजनांचे तुकडे आतून तळाला, दोन्ही ट्रकच्या वर सारखे वाटून लावा. आणि कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ राहत असाल, तर आसाची टोके भिंगाखाली पाहाच. रुईचे तंतू तिथे गुंडाळून चाक जाम करतात. चाक बाहेर काढून ते चिमट्याने ओढा. वरून फुंकर मारली तर तंतू आणखी आत जातात.