हजार वर्षांच्या झाडाचा चहा

प्रश्न : माझ्या मुलीने चीनच्या युन्नान प्रांतातून चहाची भाकरीएवढी, घट्ट दाबलेली चकती आणली आहे. ती जिंगमाई डोंगरावरील हजार वर्षांच्या झाडांची असल्याचे वेष्टनावर लिहिले आहे. मुन्नारला मी पाहिलेली चहाची झुडपे तर जेमतेम कमरेएवढी होती. चहाचे झाड खरोखर इतके जगते का? आणि हा चहा करावा कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुन्नारला आपण पाहिलेली झुडपेही मुळात झाडेच आहेत, तोडणीचा हात पोहोचावा म्हणून त्यांची सतत छाटणी केली जाते. जिंगमाईच्या चहाची जात आसामच्या चहाचीच, मोठ्या पानाची आहे आणि मोकळी वाढू दिली तर ती दहा-पंधरा मीटर उंच होते. या झाडांनी कित्येक शतके पाहिली आहेत, याविषयी शंका नाही. जिंगमाईच्या उतारांवर ब्लांग आणि दाय या समाजांचे पूर्वज दहाव्या शतकाच्या सुमारास चहा लावू लागले, असे मानले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने तेथील जुनी चहावने आणि नऊ पारंपरिक गावे जागतिक वारसा यादीत समाविष्ट केली.

मात्र वनाचे वय म्हणजे त्यातील प्रत्येक झाडाचे वय नव्हे. जुन्या चहाचे खोड बहुधा पोकळ झालेले असते किंवा बुंध्यातून अनेक खोडे फुटलेली असतात, त्यामुळे वर्तुळे मोजून वय काढणे सहसा शक्य होत नाही. त्याच प्रांतातील फेंगछिंग येथील एका झाडाचे वय ३,२०० वर्षे सांगितले जाते, पण त्यावरही एकमत नाही. म्हणून वेष्टनावरील ‘हजार’ हा आकडा प्रमाण मानू नये. त्यातील पाने जुन्या झाडांची असतील किंवा नसतीलही, आणि केवळ लेबल वाचून ते ठरवता येणार नाही.

मला स्वतःला वयापेक्षा ही झाडे टिकली कशी, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. तेथे जंगल साफ करून मळा केलेला नाही. वर उंच वृक्षांची सावली, मधल्या थरात चहा आणि खाली गवत व वनस्पती, अशी ती रचना आहे. गळलेला पाचोळा खत होतो, पक्षी आणि कोळी किडीला आवरतात, आणि सावलीमुळे पानातील तुरटपणा मर्यादित राहतो. बियांपासून वाढलेल्या झाडांचे सोटमूळ खोल जाते, तर छाटकलमांवर वाढवलेल्या आधुनिक मळ्यातील रोपांना खरे सोटमूळ नसते. याला श्रद्धेचीही जोड आहे. पा आयलेंग या ब्लांग पूर्वजाने, गुरेढोरे मागे ठेवली तर ती रोगराईत मरतील, सोनेनाणे ठेवले तर ते खर्चून जाईल, म्हणून वंशजांसाठी चहाची झाडेच ठेवली, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्रत्येक चहावनात एक झाड चहाच्या आत्म्याचे मानून पुजले जाते. आपल्याकडील देवराईची येथे आठवण होते, पण देवराईतून काही न्यायचे नसते, आणि हे वन मात्र रोजच्या तोडणीचे, घर चालवणारे आहे. श्रद्धा आणि उपजीविका एकाच झाडावर टेकलेल्या असल्यामुळेच ते जपले गेले, असे मला वाटते.

आता आपल्या चकतीविषयी. तोडलेली पाने किंचित सुकवून, मोठ्या कढईत परतून, मळून उन्हात वाळवतात आणि मग वाफ देऊन दाबतात. युन्नानच्या या चहाला पूअर म्हणतात, आणि त्याच्या अशा चकतीचे रूढ वजन ३५७ ग्रॅम असते. हा चहा दूध-साखर घालून उकळू नये, त्यात त्याची चव हरवते. कडेकडून अलगद सोडवलेली पाच-सहा ग्रॅम पाने लहान भांड्यात घ्यावीत, उकळते पाणी ओतून ते पहिले पाणी लगेच टाकून द्यावे, आणि मग प्रत्येक वेळी काही सेकंदच मुरवून तीच पाने सात-आठ वेळा वापरावीत. प्रत्येक वेळी चव थोडी बदलत जाते, ती लक्ष देऊन प्यावी.

चकती वर्षानुवर्षे ठेवता येते, पण चहा आसपासचे वास ओढून घेतो, म्हणून मसाल्याच्या डब्यांजवळ ती ठेवू नये. साताऱ्याच्या पावसाळ्यात ती सादळली तर बुरशी धरेल, तेव्हा जून ते सप्टेंबर कोरड्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवून मधूनमधून पाहावी.