ती काठी परत का ठेवली?

प्रिय मनू,

परवा झोपताना विचारलंस, "आजोबांनी माझी काठी परत का ठेवायला लावली? ती तर आपोआप पडली होती." तेव्हा "देवाची आहे ना ती" म्हणून मी सुटका करून घेतली. आज रॉटरडॅमच्या बंदरात रात्रपाळी आहे, जहाज लागायला वेळ आहे, म्हणून नीट लिहितो. जोडाक्षर अडलं तर आईला विचार.

इथल्या बागेतून तू खिसे भरून काड्या आणतेस, कोणी काही म्हणत नाही. पण आपल्या कोकणात, संगमेश्वराकडच्या देवरहाटीतून, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानातून, सुकी फांदीसुद्धा बाहेर न्यायची नाही. लहानपणी मला वाटायचं, देव फारच चिकट आहे!

तिथला तो ढोलीवाला बेहडा आठवतो? धनेश पक्ष्याची मादी अशा ढोलीत शिरून तोंड आतून लिंपून घेते. नराची चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि तो दिवसभर उंबरं, वडाची फळं आणून तिला भरवतो. एवढी ढोली म्हाताऱ्या झाडालाच असते. बाहेरच्या रानातली म्हातारी झाडं लाकडाला, कोळशाला केव्हाच गेली. आणि पडलेल्या काठ्या? त्या कुजतात, माती भुसभुशीत होते, पाऊस मुरतो. मे महिन्यात तू पाय बुडवून बसलीस तो झरा त्याच पाण्याचा.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या अशा देवराया (देवरहाटीचंच दुसरं नाव) हिंडून अभ्यासल्या. त्याआधी कितीतरी पिढ्या गावं त्या राखत आली होती.

आणि देवळाचा वासा कुजला, झाड हवंच असलं तर? गुरव कौल लावतो. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. तू म्हणशील, हे नाणं उडवण्यासारखंच झालं. थोडंसं तसंच. पण त्यासाठी गाव जमतो, कुठलं झाड, कशाला, हे चारचौघांत सांगावं लागतं. गुपचूप कुऱ्हाड घालता येत नाही.

तुझ्यापासून लपवत नाही, शेजारच्या एका गावात कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं बांधलं, भोवती फरशी घातली. मोठी झाडं गेली. कौल उजवा मिळाला म्हणे. आजोबांना विचारलं, तर ते नुसते सुपारी कातरत राहिले.

काल फोनवर तुझ्या काठीची चौकशी केली. आजोबा मुद्दाम बघून आले. तिच्यावर अळंबी उगवली आहेत.

तुझा,
बाबा