वेदनेला क्रूस म्हणण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम सलाम, वि. वि.

तुझे पत्र पोचले. वैद्यकीय इच्छापत्राच्या, म्हणजे पुढे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात त्याच्या, प्रश्नावर आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या वतीने निवेदन लिहिण्याचे काम तुझ्याकडे आले आहे आणि समितीतल्या वडीलधाऱ्यांना त्यात 'जीवन देवाने दिले, तोच ते नेईल' हे एक वाक्य आले की पुरे वाटते, असे तू लिहितेस. हे वाक्य मीही मानतो आणि ते मानतच म्हातारा झालो. परंतु मरणाऱ्या माणसाचे दुखणे थांबवण्याची सोय ज्यांनी केली नाही, त्यांच्या तोंडी ते शोभत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

नगर जिल्ह्यातल्या एका मिशन इस्पितळात मी नवा होतो तेव्हा तोंडाच्या कर्करोगाचा एक शेतकरी आमच्या वॉर्डात होता. गालाला आरपार जखम पडली होती आणि आडवे होणे त्याला शक्य नव्हते, म्हणून तो रात्रभर खाटेचा लोखंडी दांडा मुठीत धरून बसून राही. तीन आठवड्यांत त्या दांड्यावरचा पांढरा रंग मुठीएवढ्या जागी पार निघून गेला. त्याची बायको पदराने त्याची लाळ टिपत मला रोज एकच प्रश्न विचारी, "डॉक्टर, आजची रात्र कशी काढायची?" मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनांवरचे औषध, आमच्याकडे नव्हते. एके संध्याकाळी मंडळीतले एक वडील आले, त्यांनी प्रार्थना केली आणि हा तुझा क्रूस आहे, तो धीराने वाहा, असे त्याला सांगितले. मी शेजारी उभा होतो आणि मी 'आमेन' म्हटले. त्या आमेनचे ओझे माझ्या मनावरून आजही उतरलेले नाही.

वधस्तंभावर खिळण्याआधी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला आणि त्याने तो घेतला नाही, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. पण तो नकार त्याने स्वतःपुरता दिला होता. त्याच्याकडे आलेल्या एकाही कुष्ठरोग्याला किंवा आंधळ्याला त्याने दुखणे सोसत राहा म्हणून परत पाठवले नाही. क्रूस ज्याचा त्याने उचलायचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हा पोप बारावे पायस यांनी सांगितले की हेतू वेदना शमवण्याचा असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी ते देणे योग्य आहे. आपण प्रॉटेस्टंट असलो तरी हे उत्तर तू निवेदनात निःसंकोच घे.

दहा वर्षांनी सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची सेवा करणारे घर, सुरू केले. सॉन्डर्स स्वतः आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या, आणि श्रद्धावंत ख्रिस्ती होत्या. इच्छामरणाला त्यांचा ठाम विरोध होता, आणि त्या विरोधाला वजन आले ते त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीमुळे: मॉर्फिन तोंडाने द्यायचे, घड्याळ लावून द्यायचे, पेशंट कळवळण्याची वाट पाहायची नाही. मुंबईत डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उभारले. देशातले ते पहिले हॉस्पिस. तिथे कॅथलिक धर्मभगिनी सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची शेवटपर्यंत सेवा करतात. निवेदन लिहायला बसण्यापूर्वी तिथे एक दिवस काढ.

आता धोरणाकडे येतो, कारण समितीत यावर कोणी बोलणार नाही अशी मला भीती वाटते. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. हेतू व्यसने रोखण्याचा होता, पण परवान्यांच्या जाचामुळे आणि शिक्षेच्या धास्तीने औषध दुकानांनी व इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि १९९७ साली या अवाढव्य देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे १८ किलोवर आला. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्या देशात माझा शेतकरी खाटेचा दांडा धरून बसला होता. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोझिकोडला काम उभे केले आणि २००८ साली त्या राज्याने परिहार सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचे दुखणे हलके करण्याच्या सेवेचे, धोरण जाहीर केले. संसदेने कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ साली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. आमच्याकडे गोळ्या आल्या त्या रात्री एक आजी सलग सहा तास झोपल्या. पहाटे सिस्टर घाबरून नाडी बघायला धावल्या, तर आजींनी डोळे उघडून चहा मागितला.

म्हणून निवेदनातली पहिली मागणी हीच असू दे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि आपल्या प्रत्येक मिशन इस्पितळात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आणि ते देऊ जाणणारा डॉक्टर असावा. इच्छापत्राचा विषय त्यानंतर घे.

त्या विषयात जीव घेणे आणि मरणाची वाट न अडवणे यांतला फरक स्पष्ट लिही. तो न्यायालयाने नव्याने शोधलेला नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी लिहून ठेवले आहे की वैद्याने सांगितले तरी आयुष्य लांबवण्यासाठी महागडे पक्ष्यांचे मांस खाण्याचे बंधन माणसावर नाही. स्वतःवर वा कुटुंबावर असह्य भार टाकणारा उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. बरे होण्याची आशा नाही हे डॉक्टरांना ठाऊक असताना व्हेंटिलेटरच्या बिलासाठी जमीन गहाण पडते आणि पैसा संपला की नातेवाईक 'डामा'च्या, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशा, फॉर्मवर सही करून पेशंटला घरी नेतात. मग तो गोळीविना, नळीविना, धापा टाकत जातो. त्या घरात व्हितोरियांचे म्हणणे जुने वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: इच्छापत्र साक्षांकित करायला न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, आणि डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात. याला सरसकट विरोध करणे मला चुकीचे वाटते. विषाची सुई या निकालात कुठेही नाही.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. नळीने दिले जाणारे अन्नपाणी हा उपचार की सेवा, यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. व्हॅटिकनने २००७ साली ते तत्त्वतः नित्याची सेवा ठरवले. अनेक प्रॉटेस्टंट विचारवंत ते उपचारांत धरतात. शरीर अन्न पचवू शकत नसेल तेव्हा ते थांबवणे मला मान्य आहे, पण बेशुद्ध माणूस जगतो आहे एवढ्यासाठी ते काढून घेणे मला जमणार नाही. अरुणा शानबाग आठवते. १९७३ च्या हल्ल्यानंतर केईएममधल्या परिचारिकांनी आपल्या या सहकारी भगिनीला ४२ वर्षे भरवले, पुसले, कूस बदलून दिली, आणि अन्न थांबवण्याच्या याचिकेला विरोध केला. २०११ साली न्यायालयाने त्यांचे ऐकले. त्या बोलू शकल्या, कारण रोज सकाळी तो घास त्यांच्या हातात होता.

मसुदा तयार झाला की मला पाठव. तोवर तुझ्या इस्पितळात मॉर्फिनचे कपाट कुठे आहे, त्याची किल्ली रात्रपाळीला कोणाकडे असते आणि गोळीसोबत पोट साफ होण्याचे औषध लिहिण्याची सवय डॉक्टरांना आहे का, एवढे पाहून ये. कपाटच नसेल, तर औषध नियंत्रकाकडे करायचा अर्ज मसुद्याबरोबरच पाठव. दोन्ही मी एकाच बैठकीत वाचीन.

तुझा,
डॉक्टर काका