मुलीला बाळदमा आहे. रात्रीचं घोरणं दम्यामुळेच असेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: मुलगी ६ वर्षांची, घर सांगलीत नदीकाठी, दम्याचा पंप (इनहेलर) सुरू आहे, सकाळी उठली की शिंकांवर शिंका, रात्री तोंड उघडं टाकून घोरते. पंपाचा डोस वाढवला तरी झोप लागत नाही.

दम्याने कुणी घोरत नाही. दम्याचा आवाज छातीतून येतो, बहुतेक श्वास सोडताना, बारीक शिट्टीसारखा. सोबत पहाटेचा खोकला. घोरणं घशातून येतं, श्वास आत ओढताना. पंपाचं औषध छातीसाठी आहे. नाकामागच्या ॲडिनॉइड नावाच्या गाठीवर ते काम करेल ही अपेक्षाच चुकीची.

नातं मात्र आहे, आणि ते नाकातून सुरू होतं. ॲलर्जीने नाकाचं अस्तर सुजतं, आडवं झालं की आणखी चोंदतं. मग श्वास जोर लावून ओढावा लागतो आणि त्या ओढीने घशाचा मऊ भाग आत खेचला जातो. २ ते ८ या वयात टॉन्सिल आणि ॲडिनॉइड घशाच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे वाट आधीच अरुंद. तोंडाने घेतलेली हवा न गाळलेली, कोरडी आणि गार अशीच छातीत उतरते. दम्याला तेवढं निमित्त पुरतं. उलटही होतं: रात्रभर श्वास अडखळणाऱ्या मुलांचा दमा लवकर आटोक्यात येत नाही. म्हणून पंप आणखी वाढवण्याआधी नाक-घसा तपासून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा, तोही पहाटेच्या सुमाराला. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि श्वास तेव्हाच जास्त अडतो. ९ वाजता काढलेल्या व्हिडिओत बहुधा काहीच दिसत नाही. कपडा वर करून छाती आणि पोट दिसू द्या, २-३ मिनिटं पुरे. घोरणं मध्येच थांबतं, छाती हलते पण आवाज नाही, मग हिसका देऊन श्वास येतो, असं होतंय का बघा. पोट वर येताना छाती आत जाणं, मान मागे टाकून झोपणं, डोकं घामाने भिजणं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत येणं, याही खुणा आहेत. मोठी माणसं अशा झोपेनंतर दिवसा पेंगतात. मुलं उलट चिडचिडी आणि चंचल होतात, आणि शाळेतून 'लक्ष नाही' अशी तक्रार येते. सर्दी नसतानाही आठवड्यात ३ किंवा जास्त रात्री घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.

ते बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे देतील. इथेच घोळ होतो. आधी मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी नाक साफ करा, १० मिनिटांनी स्प्रे. मान किंचित खाली, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर फवारा बसला की रक्त येतं आणि घरचे घाबरून औषध बंद करतात. जोरात ओढायला सांगू नका, औषध सरळ घशात जातं. पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी सोडलं तर काय उपयोग? दुकानातून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब मात्र नकोत; काही दिवसांत ते उलटतात आणि नाक आणखी चोंदतं.

माँटेलुकास्टची गोळी चालू असेल तर एक सांगतो. तिने काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात, स्वभाव बदलतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा ठळक इशारा दिला आहे. असं जाणवलं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

घरात सर्वात आधी वाकळ बघा. जुन्या लुगड्यांच्या थरांत धुळीतले कीटक मजेत राहतात. नुसतं ऊन दाखवून त्यांची घाण जात नाही, धुवावी लागते. वाकळ आठवड्याला धुणं कुणाला जमणार? मुलीला धुता येईल अशी पातळ चादर द्या, आणि ती दर आठवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुवा. ओल आलेल्या भिंतीला तिचा पलंग टेकवू नका. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. गळीत हंगामात शेजारी पाचट पेटलं की खिडक्या बंद.

एवढ्यानेही घोरणं थांबलं नाही तर झोपेची तपासणी करतात. तासाला श्वास किती वेळा अडतो ते त्यात मोजतात. मोठ्यांना ५ पर्यंत चालतं, मुलांना १ च्या वर गेलं तरी दोष धरतात. टॉन्सिल नुसते मोठे दिसतात म्हणून ऑपरेशनची घाई नको, आणि लहान दिसतात म्हणून निर्धास्तही राहू नका. आकार आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. ऑपरेशन ठरलंच तर त्याआधी दमा आटोक्यात हवा आणि भूलतज्ज्ञांना पंपाबद्दल सांगितलेलं हवं. त्यानंतर बऱ्याच मुलांचे दम्याचे झटके कमी होतात, पण पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही.

ओठ निळसर, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय, धापेने वाक्य पूर्ण होत नाही, असं दिसलं तर व्हिडिओ काढत बसू नका. डॉक्टरांनी सांगितलेला तातडीचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) द्या आणि १०८ ला फोन लावा.